एल्डरकोंबच्या दोन रोहेस

रोहेस टॉर्विल सोळा वर्षांची झाली हे एल्डरकोंबमधल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कायद्याला. आणि कायद्याच्या डोक्यात एखादी गोष्ट घालायची म्हणजे काय दिव्य असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारावं. माणूस समोर धडधडीत उभं आहे, शिंकतंय, भूक लागली म्हणतंय, आणि तरी त्याने सिद्ध करायचं की आपण जन्मलो कधी!

पण रिवाज म्हणजे रिवाज. एल्डरकोंबची जहागीर राजाकडून मिळालेली, लढाईला एक घोडेस्वार पाठवायच्या बोलीवर. रोहेसचे वडील सर इंगेलराम तापाने गेले तेव्हा पोर जेमतेम सहाची. ती काय चिलखत चढवून लढाईला जाणार? मग राजाने नेहमीप्रमाणे जमीन, जंगल, गिरणी आणि पोर सगळं एकगठ्ठा एका पालकाच्या हवाली केलं. हे पालक म्हणजे पलीकडच्या खोऱ्यातले सर वॉरिन. मुलगी बिनलग्नाची सोळाची झाली की जहागीर तिची तिला परत. मात्र ती सोळाची झाली हे आसपासच्या बारा पंचांनी शपथेवर सांगायचं, आणि नुसतं सांगून भागत नाही. तो दिवस आपल्या लक्षात का राहिला, हेही प्रत्येकाने सांगायचं.

सर वॉरिन दुष्ट होते अशातला भाग नाही. त्यांनी पोरीला पोटभर खाऊ घातलं, थंडीत लोकरीचे दोन झगे दिले, पुढे एक छोटा ससाणाही दिला. त्यांच्या बायकोने, लेडी इसोल्डाने, तिला भरतकाम शिकवायचा प्रयत्न केला, मग हात टेकले, आणि राग मात्र धरला नाही. एवढंच की दहा वर्षं एल्डरकोंबची लोकर विकून आणि एल्डरकोंबच्या जंगलात पोसलेली डुकरं खाऊन सर वॉरिनना त्याची गोडी लागली होती. त्यांच्या मनात एक बेतही होता. त्यांचा पुतण्या एमर ईस्टरला फ्रान्सहून यायचा होता. तोवर रोहेस सज्ञान ठरली नाही, तर तिचं लग्न ठरवायचा हक्क सर वॉरिनचा. लग्न झालं की एल्डरकोंब पुतण्याच्या खिशात.

एमरला रोहेस एका नाताळात भेटली होती. मुलगा दिसायला बरा होता, अंगाला वासही येत नव्हता. पण सूप वाढल्यापासून चीज येईपर्यंत तो ससाण्यांच्या पोटाच्या तक्रारींबद्दल बोलला. रोहेस ससाणा पाळणारी मुलगी, तरी तिच्या घशाखाली घास उतरेना. आणि हे म्हणे जन्मभर ऐकायचं!

एल्डरकोंब तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण ते हवं म्हणताना तिची जीभ थोडी अडखळायची, आणि त्याचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती आठ-नऊ वर्षांची असताना एकदा लोकर गुंडाळता गुंडाळता लेडी इसोल्डा सहज बोलून गेली होती की तुझ्या बापाला मुलगा हवा होता, आणि तुझी आई गेल्यावर त्याने तुझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने हे कोणाकडून ऐकलं होतं देव जाणे. मोठी माणसं अशी सहज बोलतात आणि लोकरीच्या पुढच्या गुंड्याकडे वळतात. पोर मात्र ते घेऊन वर्षानुवर्षं बसतं. वडिलांची रोहेसला धड आठवणही नव्हती. एक उंच माणूस, घोड्याचा वास, बस्स. ज्या घराला आपण नको होतो, त्या घरावर हक्क कसा सांगायचा, असं तिच्या मनात यायचं. मग ती मान झटकून ससाण्याला मांस भरवायला जायची.

तर फेब्रुवारीत, संत ब्लेझच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, एल्डरकोंबच्या चर्चमध्ये चौकशी बसली. राजाचे अंमलदार मास्टर सायमन सर्दीने बेजार होते. पायाशी तापवलेली वीट ठेवून आणि नाकाला फडकं लावून ते बसले होते. एका बाजूला सर वॉरिन आणि त्यांचे वकील मास्टर पीअर्स, दुसऱ्या बाजूला रोहेस आणि तिची दासी मेबल. मध्ये बारा पंच, आणि मागे खांबांना टेकून अख्खं गाव. बायका तर सकाळपासून जागा धरून बसल्या होत्या.

पंचांची तोंडं सुटली ती सुटलीच. चाकं बनवणारा ऑस्बर्ट म्हणाला, सोळा वर्षांपूर्वी संत ब्लेझच्या दिवशी, जन्मल्या जन्मल्या झालेला बाळाचा बाप्तिस्मा पाहून बाहेर पडलो आणि बर्फावरून घसरून नडगी मोडली, पूर्वेचा वारा सुटला की अजून ठणकते. गिल्बर्टने बाळापुढे मशाल धरली होती. तो म्हणाला की फादरांच्या भुवया जळाल्या, त्या पुन्हा कधी नीट उगवल्या नाहीत. हॅमोने सांगितलं की त्या दिवशी बायकोने त्याला घडवंचीने मारलं. का मारलं असं अंमलदारांनी विचारलं, तेव्हा हॅमो म्हणाला, साहेब, कारण लक्षात नाही, घडवंची लक्षात आहे.

रोहेसला हसू आवरेना. मग राल्फ नावाचा एक वाळकुडा म्हातारा उभा राहिला. तो म्हणाला की तो डुकरांचं खत वाहत होता, अंगभर माखलेला. तेवढ्यात सर इंगेलराम बोडक्या डोक्याने मोठ्या घरातून धावत आले आणि त्यांनी त्याला भर रस्त्यात मिठी मारली, मुलगी झाली म्हणाले. त्यांचा नवा लाल झगा होता, त्याची पार वाट लागली. हे ऐकून रोहेस हसायची थांबली. पण मग तिने स्वतःलाच समजावलं, ही आई जायच्या आधीची गोष्ट. नव्या बापाला सगळंच गोड लागतं.

बारावा पंच थर्स्टन. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, स्वतःच्या मालकीच्या जमिनीचा, छाती पुढे काढून चालणारा, आवाज असा की कुजबुजला तरी गिरणीपर्यंत ऐकू जावा. त्या दिवशी आपण तांबडी घोडी विकत घेतली म्हणून दिवस लक्षात आहे, एवढं सांगून तो दाणकन खाली बसला. अंमलदारांनी नाक पुसलं, आणि आता संपलं असं सगळ्यांना वाटलं. मेबलने तर रोहेसचा झगा सरळ करायला घेतला.

तेव्हा मास्टर पीअर्स उठले. त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. पंचांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर आम्हाला मान्य आहे, ते म्हणाले. त्या दिवशी रोहेस नावाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की कोणत्या रोहेसचा?

आणि मग ती गोष्ट निघाली, जी गावाला माहीत होती पण जिचं कोणाला काही विशेष वाटलं नव्हतं. सर इंगेलरामना मुली दोन झाल्या. पहिलीनंतर दीड वर्षाने दुसरी. दोघींची धर्ममाता एकच, शेजारच्या जहागिरीची म्हातारी विधवा रोहेस, आणि धर्ममातेने आपलंच नाव ठेवायचं ही रीत. म्हणून दोघींची नावंही एकच. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. एका घरात तीन जॉन आहेत, आई हाक मारते आणि जेवायच्या वेळी तिघेही येतात, कामाच्या वेळी एकही नाही. तर धाकटीच्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच आईला, लेडी सिबिलला, ताप चढला. त्याच तापात दोन मुलींपैकी एक गेली आणि आईबरोबर एकाच कफनात, एकाच खड्ड्यात पुरली गेली.

मास्टर पीअर्सचं म्हणणं, गेली ती थोरली, आणि ही उभी आहे ती धाकटी, अजून पंधराचीही नाही. त्यांनी रोहेसकडे हात केला. बघा तरी अंमलदारसाहेब, ही मुलगी सोळाची दिसते का?

रोहेस होतीच चणीने लहान. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिने उगाच टाचा उंचावल्या.

चर्चमध्ये एकच गलका झाला. पंच ओरडले, ही थोरलीच. मागून बाया ओरडल्या, थोरलीच, थोरलीच. अंमलदारांनी काठी आपटून प्रत्येक पंचाला विचारलं, थोरली कशावरून? आता झाली की नाही पंचाईत! सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच सांगता येईना. ऑस्बर्ट म्हणाला, माहीतच आहे. गिल्बर्ट म्हणाला, आम्ही तिला वाढताना पाहिलंय. मास्टर पीअर्स गोड हसून म्हणाले, की गावाला सर वॉरिनऐवजी ही मुलगी मालकीण म्हणून हवी आहे, तेव्हा गावाला माहीत असणारच. अंमलदार म्हणाले, मला कारण पाहिजे. मोडलेली नडगी, घडवंची, काहीतरी हातात धरता येईल असं द्या.

मागच्या बायांतून थर्स्टनची बायको एमॉट पुढे सरसावली आणि म्हणाली की गावातल्या दहा बायका आत्ता सांगतील, कोणाला दात कधी आले आणि कोण कधी चालायला लागली. अंमलदारांनी सांगितलं की शपथ फक्त पुरुषांची चालते.

"असं का?" एमॉट म्हणाली. "बाळंत व्हायचं बायकांनी आणि आठवायचं या बाप्यांनी? ज्यांना काल काय जेवलो ते सांगता येत नाही?"

बायका हसल्या, पण हसून काही होणार नव्हतं. लेखनिकाने टाक शाईत बुडवला. सर वॉरिन जमिनीकडे बघत होते. त्यांनाही ते फार आवडत होतं असं नाही, पण त्यांनी वकिलाला थांबवलं नाही. रोहेसला ईस्टर दिसायला लागला, सूप दिसायला लागलं, एमर दिसायला लागला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला वाटलं, बरोबरच आहे. या घराशी आपलं नातंच पातळ, म्हणूनच ते कोणाला धरता येत नाहीये.

तेवढ्यात थर्स्टन उठला. मान बीटासारखी लाल, तोंड उघडतोय आणि मिटतोय. अंमलदारांनी विचारलं, काही सांगायचंय का?

"सांगायचंय," थर्स्टन म्हणाला. "पण बायकोला बाहेर पाठवता आलं तर बरं होईल."

"मी हलत नाही," एमॉट मागून म्हणाली.

थर्स्टनने एक सुस्कारा सोडला आणि उजवा हात वर केला. त्या हाताच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर एक जुना व्रण होता, आणि तो व्रण गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. रानडुकराचा व्रण तो! थर्स्टनने ओकच्या जंगलात एका रानडुकराला नुसत्या हाताने धरलं होतं. एमॉट ही त्याची दुसरी बायको. पलीकडच्या गावची ही ठसकेबाज विधवा कोणालाच दाद देईना, तेव्हा तिने ज्या गोष्टीवर भाळून याला होकार दिला, ती गोष्ट ही.

"लेडी सिबिलना पुरलं त्या दिवशी," थर्स्टन म्हणाला, "मी खड्ड्याशी उभा होतो. सर इंगेलरामांच्या गळ्यात पोर होतं. कफनात गेलेलं ते दुसरं, आणि हे जगलेलं, म्हणजे या समोर उभ्या आहेत त्या बाईसाहेब. मी त्यांना घ्यायला हात पुढे केला." तो थांबला. "त्या मला चावल्या."

कोणाला काही कळेना. अंमलदारांनी नाकावरचं फडकं खाली घेतलं.

"चावल्या म्हणजे?"

"कडकडून चावल्या साहेब. रक्त आलं. हे बघा, वर चार आणि खाली चार. काही आठवड्यांचं तान्हं असतं तर कशाने चावलं असतं, हिरड्यांनी?"

अंमलदार स्वतः सात मुलांचे बाप. त्यांनी थर्स्टनला जवळ बोलावलं, त्याचा पंजा उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग लेखनिकाला दाखवला. मग मास्टर पीअर्सना दाखवला. दोन बारीक अर्धवर्तुळं, समोरासमोर, इतकी इवलीशी की रानडुकराचं तोंड तेवढं असेल तर ते रानडुक्कर खिशात घालून फिरता आलं असतं. इतकी वर्षं गावाने तो व्रण पाहिला होता आणि कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. सांगणाऱ्याचा आवाज मोठा असला की ऐकणारे नीट बघत नाहीत, दुसरं काय!

मास्टर पीअर्सनी विचारलं की हे पंचाने आजवर कोणाला का सांगितलं नाही. थर्स्टन म्हणाला, साहेब, तुम्ही सांगितलं असतं का?

"मग रानडुक्कर?" एमॉटने मागून विचारलं. आवाज शांत होता, आणि तोच शांत आवाज ऐकून हॅमोने सहानुभूतीने डोळे मिटले.

"रानडुक्कर नव्हतं," थर्स्टन म्हणाला.

असा हशा त्या चर्चमध्ये त्याआधी पिकला नसेल. अंमलदार हसता हसता खोकायला लागले, लेखनिकाची शाई सांडली, आणि सर वॉरिनसुद्धा हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अखेर ते उठले आणि म्हणाले, पुरे झालं, माझं काही म्हणणं नाही, मुलगी थोरली आहे. रोहेसपाशी येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ससाणा तुझाच, घेऊन जा, म्हणाले. एमरला मी काहीतरी सांगेन. रोहेसने त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि ते मनापासून घेतलं. दहा वर्षं ज्याच्या ताटात जेवलो त्याच्यावर अशा दिवशी कसलं रागवायचं?

दुपारी मोठ्या घरात चूल पेटली. धूर आधी घरभर झाला, कारण धुराड्यात कावळ्यांनी घर केलं होतं, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. वाटाण्याचं दाट सूप झालं, खारवलेलं डुकराचं मांस झालं, राल्फच्या सुनेने बनवलेल्या बिअरचं पिंप उघडलं. रोहेस वडिलांच्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला पोचेनात, तेव्हा मेबलने खाली एक ओंडका सरकवला. येणारा प्रत्येकजण गुडघ्यावर बसून, तिच्या हातांत हात देऊन निष्ठेची शपथ घेत होता आणि वर थर्स्टनकडे बघून डुकरासारखा आवाज काढत होता. थर्स्टन कोपऱ्यातल्या बाकावर एकटाच बसला होता. एमॉट त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याच्या ताटात मांसाचा चांगला तुकडा तिनेच वाढला होता, म्हणजे प्रकरण फार हाताबाहेर गेलेलं नव्हतं.

जरा गर्दी ओसरल्यावर रोहेस उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. त्याचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला आणि तो व्रण बोटाने चाचपला.

"मी का चावले?" तिने विचारलं.

थर्स्टन इकडेतिकडे बघायला लागला. मग म्हणाला की फादरांनी माती टाकायला सांगितली, एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, पण सर इंगेलराम जागचे हलेनात. दोन्ही हातांनी पोराला धरून नुसते उभे. मला वाटलं, पोर घेतलं तर त्यांचे हात मोकळे होतील. म्हणून घ्यायला गेलो.

"मग? मी चावल्यावर ते रागावले असतील."

"रागावले ना. माझ्यावर."

"काय म्हणाले?"

थर्स्टनचा तो गिरणीपर्यंत जाणारा आवाज इतका खाली आला की तिला वाकून ऐकावं लागलं.

"म्हणाले, नको घेऊ रे तिला. ती सोडत नाही, आणि मीही सोडणार नाही. मग तुम्हाला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने माती टाकली. त्यानंतर कुठेही जायचे, तुम्ही खोगिरावर पुढे. न्यायनिवाड्याला बसायचे, तुम्ही मांडीवर झोपलेल्या. आम्ही म्हणायचो, या माणसाला एकच हात उरलाय."

रोहेस रडायला लागली. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. आपल्या घरात आपल्या माणसांसमोर रडायला कसली लाज? मेबल धावत आली, पण तिने मेबलला हाताने थांबवलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

आता थर्स्टनची गोष्ट म्हणजे काय असते, ते गावाला विचारावं. दुसऱ्यांदा सांगताना तिला शेपूट फुटतं आणि तिसऱ्यांदा पंख. ते डुक्कर पहिल्या वर्षी पिल्लू होतं, पाचव्या वर्षी वासराएवढं झालं होतं. म्हणून एमॉट चूल सोडून जवळ येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आता काय वाढवतो ते ऐकायला.

त्याने सांगितलं. रोहेसने पुन्हा सांगायला लावलं, त्याने पुन्हा सांगितलं. तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेव्हा एमॉटने कमरेवरचे हात काढले, नवऱ्याला सरकायला सांगितलं आणि त्याला खेटून बाकावर बसली.